रुप्याची सुगंधडबी

इंग्लंडास जाणारे आपल्याकडील बहुतेक लोक लंडन पाहतात, ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील विद्यापीठें पाहतात, आणि सवड असल्यास शेक्सपिअर कवीच्या जन्मग्रामाची यात्राही करून येतात. परंतु त्या जन्मग्रामापासून सुमारें पंचवीस मैलांवर असलेल्या बर्मिंगहॅम शहरीं केवळ शहर पाहण्याच्या हेतूनें उतरणारा प्रवासी विरळाच. कारखान्यांचें गांव, धुराचें गांव, अशी त्याची जुनी प्रसिद्धि आहे. धूर आतां बहुतेक गेला, कारखानेही पुष्कळसे बंद पडले; प्रसिद्धि मात्र मागें राहिली. आमचा एक पुतण्या तेथें नोकरीनिमित्त सहकुटुंब राहतो. त्याच्याकडे मुक्कामास असतां आम्हीं तेथील सोनारआळी तीन दिवस पायीं हिंडून पाहिली. त्या हिंडण्यांत अशा एका वस्तूची गांठ पडली कीं, तिच्याविषयीं लिहावयाचें म्हणजे सोनारआळी, लंडनचीं गटारें आणि चरकसंहिता या तिघांस एकाच पंक्तीस बसविणें प्राप्त आहे. वाचकांनीं थोडा धीर धरावा.

या सोनारआळीस तिकडे ज्वेलरी क्वार्टर म्हणतात. मुख्य स्टेशनापासून वीसेक मिनिटें चालत गेलें कीं सेंट पॉलच्या देवळाचा चौक लागतो. देऊळ १७७९ मधील असून चौकाभोंवतीं तांबड्या विटांचीं घरें आहेत. एके काळीं हीं सुखवस्तु लोकांचीं राहतीं घरें होतीं. पुढें सोनारकी वाढली तशा परसांतल्या फुलबागा नाहींशा होऊन तेथें कामाच्या लांबट माड्या उठल्या. त्या माड्यांस भिंत थोडी आणि तावदानें फार. कारण बारीक कामास दिवसाचा उजेड लागतो. एका घरीं फक्त बिजागऱ्या, दुसऱ्या घरीं फक्त ठसे कोरणें, तिसऱ्या घरीं मुलामा, चवथ्या घरीं जिल्हई, अशी कामाची वांटणी असे; त्यामुळें लहानशी डबी पुरी व्हावयाची झाली तरी ती चार-सहा उंबरे ओलांडून येई.

याच आळींत जुन्या चांदीच्या वस्तू विकणाऱ्या एका वृद्ध बाईंच्या दुकानीं आम्हीं ती डबी पाहिली. आकारानें आपल्या पानाच्या तबकांतील चुनाळ्याएवढी. लांबी दीड इंचाहून अधिक नसावी. वरून पाहणारास ती तपकिरीची डबी वाटेल. झांकण उघडलें म्हणजे भेद कळतो. आंत आणखी एक झांकण असतें, आणि तें सबंध पत्र्याचें नसून जाळीदार असतें. पानें, वेली, फुलें यांची ती जाळी इतकी नाजूक कीं, आमच्या घरांतील स्त्रियांच्या कशिद्यासही मान खालीं घालावी लागेल. जाळीही बिजागरीवर उघडते. तिच्याखालीं स्पंजाचा तुकडा ठेवीत, आणि तो लवंग, लव्हेंडर, दालचिनी इत्यादिकांचीं सुगंधी द्रव्यें घातलेल्या तीव्र शिरक्यांत भिजवीत. शिरक्याच्या आंबटपणानें चांदी बिघडूं नये म्हणून डबीचें अंतरंग सोन्याच्या मुलाम्याचें. बाहेर रुपें, आंत सोनें! हा थाट श्रीमंतीचा नव्हे, निव्वळ सोयीचा आहे, हें आम्हांस विशेष वाटलें. या सोन्याकडे आपणांस पुढें पुन्हां वळावयाचें आहे.

तिचें इंग्रजी नांव व्हिनेग्रेट. फ्रेंच भाषेंत शिरक्यास जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ ‘आंबलेला द्राक्षरस’ असा; त्यावरूनच हें नांव आलें. हल्लीं त्याच नांवानें कोशिंबिरीवर घालावयाचें आंबट तेल ओळखतात, त्यामुळें आमच्या सूनबाईंस या नांवाचें मोठें हसूं आलें. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढें सुमारें शंभर वर्षें अशा डब्या इंग्लंडांतील सभ्य स्त्रियांच्या बटव्यांत असत, किंवा सांखळीनें गळ्यांत वा कमरेस लटकविलेल्या असत. गर्दीच्या सभागृहांत, चिंचोळ्या गाडींत किंवा गटाराच्या कांठानें जातांना बाई हळूच झांकण उघडी व डबी नाकाशीं धरी. घेरी आली तरी हाच उपाय. त्या काळीं कमर बारीक दिसावी म्हणून स्त्रिया इतक्या आंवळलेल्या चोळ्या घालीत कीं, पुरता श्वासही घेतां येत नसे. तेव्हां घेरीस तोटा नव्हता. तीव्र शिरक्याची वाफ नाकांतील त्वचेस झोंबते व मनुष्य दचकून श्वास ओढतो, एवढाच त्यांतला चमत्कार. आपल्याकडे बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या नाकाशीं कांदा फोडून धरतात, काम तेंच. कांद्यास मात्र सोन्याचा मुलामा लागत नाहीं.

डबीच्या कडेस भिंगानें पाहावें अशा पांच खुणा ठोकलेल्या होत्या. आम्हीं उभा जन्म मुलांस विभक्तिप्रत्यय शिकविण्यांत घालविला, त्यामुळें या खुणा वाचण्यांत आम्हांस जो आनंद झाला तो त्या बाईंस जरा अधिकच वाटला असावा. चालणारा सिंह म्हणजे हजारांत ९२५ भाग शुद्ध चांदी. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम येथील कस-कचेरींत परीक्षा झाली. एक अक्षर वर्षाचें. दोन आद्याक्षरें कारागिराचीं. आणि पांचवें राजाचें मस्तक, म्हणजे सरकारी कर भरल्याची पावती. हा कर १७८४ पासून १८९० पर्यंत होता. मस्तक डावीकडे पाहणारें व स्त्रीचें असल्यास व्हिक्टोरिया राणी. आमच्या हातांतील डबीवरचें मस्तक उजवीकडे पाहणाऱ्या चवथ्या विल्यम राजाचें होतें, म्हणजे डबी १८३० नंतरच्या सहा-सात वर्षांतली. पांच शब्दांचें एक पूर्ण वाक्यच तें! कर्ता, स्थळ, काळ, गुण व कर, कांहीं म्हणून राहिलें नाहीं. आपल्याकडे सोन्याच्या दागिन्यांवर सरकारमान्य छाप सक्तीचा होण्यास २०२१ साल उजाडावें लागलें, आणि तोही प्रथम कांहीं जिल्ह्यांपुरताच, हें येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

नांगराची ही खूण बर्मिंगहॅमास मिळाली ती मॅथ्यू बोल्टन या कारखानदाराच्या खटपटीनें. तोंवर येथील चांदीचा माल परीक्षेसाठीं चेस्टर किंवा लंडन येथें पाठवावा लागे. वाटेंत तो ठेंचाळे, घासे, वेळ जाई तो वेगळाच. बोल्टननें पार्लमेंटांत रदबदली केली, लंडनच्या सोनारांनीं कडाडून विरोध केला, तरी १७७३ मध्यें कायदा झाला आणि त्याच वर्षीं ३१ ऑगस्ट रोजीं न्यू स्ट्रीटवरील एका खाणावळीच्या वरच्या खोल्यांत कचेरी सुरू झाली. समुद्र येथून चारही दिशांस दूर. तरी शहराच्या चांदीवर खूण जहाजाच्या नांगराची! १८७७ मध्यें ही कचेरी न्यूहॉल स्ट्रीटवर गेली आणि २०१५ मध्यें तेथून हलून मोर्टन स्ट्रीटवर आली.

सुगंधडब्यांचें माहेर हेंच शहर. सॅम्युएल पेंबर्टन, मॅथ्यू लिनवुड, जोसेफ विल्मोर, नॅथॅनिएल मिल्स हीं येथील कारागिरांचीं नांवें जुन्या चांदीच्या शोकिनांस पाठ असतात. पुस्तक, बटवा, शिंपला, गुलाबाचें फूल, अंग वळविणारी खवल्यांची मासोळी, असे नाना आकार त्यांनीं काढले. २१ ऑक्टोबर १८०५ रोजीं ट्रफाल्गारच्या आरमारी लढाईंत नेल्सन पडला, तेव्हां लिनवुडनें झांकणावर नेल्सनची मुद्रा आणि आंतल्या जाळींत त्याचें जहाज अशी डबी काढली. मिल्सची ख्याति झांकणावरील इमारतींच्या उठावदार चित्रांबद्दल आहे: विंडसरचा किल्ला, वॉरिकचा किल्ला, केनिलवर्थचे अवशेष, कादंबरीकार स्कॉटचें ॲबट्सफर्ड, बायरन कवीचें न्यूस्टेड. १८३८ मध्यें लंडन-बर्मिंगहॅम आगगाडी सुरू झाली. मध्यम स्थितीचीं कुटुंबें अशीं स्थळें पाहावयास निघूं लागलीं. आणि पंढरपुराहून बुक्का व नाशिकाहून तांब्यापितळेचीं भांडीं आणावीं, तशा या डब्या घरीं येऊं लागल्या.

येथवर सर्व रम्य आहे. परंतु ही डबी केवळ चैनीची वस्तु नव्हती, ती संरक्षणाची वस्तु मानली जाई. आणि येथेंच विचार करण्यासारखी गोष्ट येते. दुर्गंध म्हणजेच रोग, अशी त्या काळच्या युरोपांतील शहाण्या वैद्यांचीही पक्की समजूत होती. कुजलेल्या पदार्थांतून दूषित हवा निघते, ती नाकावाटे शरीरांत शिरते, आणि ताप, पटकी, प्लेग यांस जन्म देते, असें तें शास्त्र. तेव्हां चांगला वास हा वाईट वासावरचा उतारा ठरला. सोळाव्या शतकांत कार्डिनल वुल्झी हा आठव्या हेन्रीचा प्रधान लोकांच्या गर्दींतून जातांना, गर पोखरून शिरक्याचा स्पंज भरलेलें नारिंग नाकाशीं धरी, असें त्याच्या सेवकानें लिहून ठेवलें आहे. आमची रुप्याची डबी ही त्या नारिंगाचीच पणती. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयांत १७५० मध्यें तुरुंगांतील कैद्यांबरोबर ताप शिरला आणि न्यायाधीशांसह शहराचा लॉर्ड मेयरही दगावला, तेव्हांही दोष कैद्यांच्या अंगच्या वासास दिला गेला. न्यायासनापुढें सुवासिक वनस्पति पसरण्यांत येऊं लागल्या. तो ताप कपड्यांतील उवांमुळें पसरतो हें शार्ल निकोल या फ्रेंच शास्त्रज्ञानें दाखविलें तें १९०९ मध्यें. उवेस सुवासाचें काय होय!

याहून बोलकी गोष्ट १८५४ सालची. लंडनच्या सोहो भागांत ब्रॉड स्ट्रीटवर एक सार्वजनिक पंप होता. (बोल्टनच्या बर्मिंगहॅममधील कारखान्याचेंही नांव सोहोच, वाचकांनीं घोटाळा करूं नये.) त्या वर्षाच्या ऑगस्टअखेर तेथें पटकीचा उद्रेक होऊन सहाशेंहून अधिक माणसें दगावलीं. डॉक्टर जॉन स्नो यांनीं घरोघर चौकशी करून दोष पंपाच्या पाण्याचा असल्याचें दाखविलें, आणि ८ सप्टेंबर रोजीं पंपाचा दांडा काढण्यांत आला. हे स्नो मोठे मासलेवाईक गृहस्थ. शाकाहारी, निर्व्यसनी, आणि धंद्यानें वाफेचेच वैद्य: क्लोरोफॉर्म देऊन रोग्यास गुंगी आणण्यांत त्यांचा हातखंडा, इतका कीं १८५३ मध्यें खुद्द राणीच्या बाळंतपणांत त्यांस पाचारण झालें होतें. वाफ फुप्फुसांत शिरून काय करते व काय करीत नाहीं हें त्यांच्याइतकें कोणास ठाऊक असणार? म्हणूनच वासानें पटकी होते ही गोष्ट त्यांस पटेना.

आतां त्या पाण्याविषयीं. हॅम्पस्टेड येथें राहणारी एक विधवा पूर्वीं ब्रॉड स्ट्रीटवर राहत असे. तेथील पंपाच्या पाण्याची गोडी तिच्या जिभेवर राहिली होती, म्हणून दूर राहावयास गेल्यावरही ती तें पाणी रोज गाडींतून आणवी. सोहोची घाण, सोहोचा वास तिच्या टेकडीवर पोंचत नव्हता. पोंचलें तें फक्त गोड पाणी. ती पटकीनें वारली, आणि तिच्याकडे येऊन तेंच पाणी प्यालेली तिची भाचीही वारली. स्नो यांच्या शोधांतील अत्यंत बळकट पुरावा तो हाच. तिच्या बटव्यांत चांदीची डबी असती तरी ती उघडण्याचें तिला कारणच पडलें नसतें.

संस्कृताच्या आमच्या अल्प व्यासंगामुळें येथें चरकसंहितेची आठवण झाली. विमानस्थानांत जनपदोद्ध्वंसाचा, म्हणजे देशच्या देश उजाड करणाऱ्या सांथींचा अध्याय आहे. गंगातीरीं कांपिल्य नगरांत पुनर्वसु आत्रेय आपल्या अग्निवेश नामक शिष्यास सांगतात कीं, माणसांच्या प्रकृति भिन्न असतांही सर्वांस एकदम रोग होतो, कारण वायु, उदक, देश आणि काल हीं चार सर्वांस समान आहेत व तीं बिघडतात. युरोपीय वैद्य वायूलाच धरून बसले असतां आमच्या आचार्यांनीं पाणीही सांगितलें, याचा अभिमान वाटणें साहजिक आहे. परंतु अभिमानी गृहस्थांनीं तोच अध्याय थोडा पुढें वाचावा. बिघडलेलें पाणी ओळखावें कसें? तर गंध, वर्ण, रस व स्पर्श विकृत झाल्यावरून. ब्रॉड स्ट्रीटचें पाणी या परीक्षेंत उत्तीर्ण झालें असतें! जंतु डोळ्यांस दिसेपर्यंत नाक हाच साक्षीदार होता, पूर्वेकडे काय आणि पश्चिमेकडे काय. १८८४ मध्यें कॉख या जर्मन शास्त्रज्ञानें कलकत्त्यास तळ्याच्या पाण्यांत पटकीचा जंतु दाखविला, तेव्हां कोठें या साक्षीस उत्तर मिळालें. तरी १८९६ मध्यें मुंबईंत प्लेग आला तेव्हां प्रथम धुतलीं गेलीं तीं गटारें, कार्बोलिक आणि समुद्राचें पाणी ओतून. उंदीर आणि त्यांवरील पिसवा यांकडे सीमाँ या फ्रेंच डॉक्टरानें कराचीच्या प्रयोगानें बोट दाखविलें तें १८९८ मध्यें.

मात्र नाकाची साक्ष खोटी असली तरी तिच्यावरून झालेला निवाडा कधीं कधीं बरोबर ठरतो, ही मौजही सांगितली पाहिजे. १८५८ च्या उन्हाळ्यांत लंडनची टेम्स नदी इतकी घाण झाली कीं, नदीकांठच्या पार्लमेंटाच्या खिडक्यांस चुन्याच्या क्षारांत भिजविलेले पडदे लावावे लागले. वर्षानुवर्षें अडलेला गटारांचा कायदा सभासदांच्या नाकास झोंबतांच थोड्या दिवसांत पसार झाला. बॅझलजेट या स्थापत्यकारानें शहराचें सांडपाणी दूर नेलें. हेतु वास घालविण्याचा होता, गेली पटकी. लंडनमधील शेवटची मोठी सांथ १८६६ ची, आणि ती पूर्वेकडच्या, नवीं गटारें अद्याप न जोडलेल्या भागांत. डॉक्टर स्नो यांस यांतलें कांहींच दिसलें नाहीं. १८५८ च्या जून महिन्यांतच ते निवर्तले.

आतां डबीच्या आंतील सोन्याकडे वळूं. १८४० पूर्वीं चांदीवर मुलामा देण्याची रीत अशी होती: सोनें पाऱ्यांत विरघळवून त्याची लोण्यासारखी लगदी करावयाची, ती वस्तूवर चोपडावयाची, आणि कोळशाच्या आंचेवर धरावयाची. पारा वाफ होऊन उडतो, सोनें चिकटून राहतें. ही उडालेली वाफ जाई कोठें? काम करणाऱ्याच्या छातींत. हात थरथर कांपूं लागत, हिरड्या सुजून दांत पडत, बुद्धि भ्रमिष्ट होई. मुलामेवाल्यांचा हा रोग सर्व युरोपास ठाऊक होता. आणि पाऱ्याच्या वाफेस वास नसतो. एखाद्या भल्या घरच्या बाईनें गटाराच्या वासास भिऊन जी डबी नाकाशीं धरिली, तिचें अंतरंग सोन्याचें करतांना कोणी एक मनुष्य बिनवासाचें खरें विष हुंगीत बसला होता. त्याच्या नाकाशीं धरावयास कांहीं नव्हतें, आणि असतें तरी उपयोग नव्हता. डबीवर कारागिराचीं दोन अक्षरें आहेत, तीं मालकाचीं. मुलामेवाल्याची खूण तींत कोठेंच नाहीं. हें ध्यानीं आल्यावर ती डबी आम्हांस हातांत थोडी जड वाटली. एल्किंग्टन यांनीं १८४० मध्यें विजेच्या साहाय्यानें मुलामा देण्याचे हक्क घेतले व न्यूहॉल स्ट्रीटवर मोठा कारखाना काढला, तेव्हांपासून पाऱ्याची रीत मागें पडत गेली. सोनारआळीचें हें ऋण जगावर आहे, पण त्याचा गाजावाजा नेल्सनच्या डबीइतका होत नाहीं.

जुन्या कारागिरांचे दिवस कसे जात याची कांहीं कल्पना व्हाइस स्ट्रीटवरील स्मिथ आणि पेपर यांच्या कारखान्यावरून येते. १८९९ मध्यें सुरू झालेली ही पेढी १९८१ मध्यें मालकांनीं बंद केली. हत्यारें, ठसे, चहाचे पेले, सर्व जेथल्या तेथें राहिलें, आणि १९९२ मध्यें तेथेंच वस्तुसंग्रहालय झालें. बांकांस अर्धचंद्राकृति खांचा आहेत व प्रत्येक खांचेखालीं चामड्याची झोळी टांगलेली. किसांतला सोन्याचा कण त्या झोळींत पडावा, जमिनीवर जाऊं नये. तरी जमिनीची झाडलोट, हात धुतलेलें पाणी, जुने अंगरखे, कांहीं फुकट जाऊं देत नसत. सर्व गाळून, जाळून त्यांतलें सोनें परत काढीत. आपल्या सोनारांच्या दारची माती धुणारे झारेकरी आम्हांस तेथें आठवले. सोन्याचा कण असा जपला जाई, आणि माणसाच्या छातीचा हिशेब कोणी ठेवीत नसे.

दुकानांतल्या बाईंनीं डबी आमच्या हातीं दिली तेव्हां आम्हीं जाळी उचलून वास घेतला होता. स्पंज केव्हांच गेलेला. वास नुसत्या धातूचा. किंमत आमच्या निवृत्तिवेतनास झेंपणारी नव्हती, आणि बाईंसही तें कळलें असावें, कारण त्यांनीं आग्रह केला नाहीं.

आळीच्या चवाठ्यावर हिरव्या-सोनेरी रंगाचें एक लोखंडी घड्याळ उभें आहे. जोसेफ चेंबरलेन यांच्या दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्याची आठवण म्हणून तें १९०३ मध्यें बसविलें. दौऱ्याचें आम्हांस कौतुक नाहीं. परंतु हेच चेंबरलेन १८७३ पासून १८७६ पर्यंत या शहराचे मेयर होते, आणि त्यांच्याच कारकीर्दींत खासगी कंपनीच्या हातचा पाणीपुरवठा नगरपालिकेनें विकत घेतला. पुढें पालिकेनें वेल्सच्या डोंगरांत एलन नदीस धरणें बांधलीं. तेथून ७३ मैल पाणी केवळ उतारानें, कोठेंही पंप न लावतां शहरास येतें. १९०४ मध्यें सातव्या एडवर्ड राजानें तें सुरू केलें. पुतण्याच्या घरीं नळास येणारें पाणी मुख्यतः तेंच. आम्हीं घड्याळापासून घरीं परतलों तेव्हां सूनबाईंनीं पेला भरून दिला. वास, रंग, चव कांहीं नव्हतें, आणि तें तपासून पाहणारे लोक दुसरीकडे प्रयोगशाळेंत बसलेले होते.